सोझा-जलोरीचा जंगलवॉक: गाईडला पाचपैकी पाच, पॅकेजला तीन

हा रिव्ह्यू होमस्टेचा कमी आणि त्यांच्या जंगलवॉकचा जास्त आहे, कारण होमस्टे काय, त्या पट्ट्यात आता पावलापावलावर झालेत, जिभीत तर जिकडे बघाल तिकडे लाकडी कॉटेज, पण झाडं दाखवत निवांत फिरवणारा माणूस सगळ्यांकडे नसतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हिमाचलात कुल्लू जिल्ह्यात बंजार, त्याच्या वर जिभी, त्याच्या वर सोझा आणि सगळ्यात वर जलोरी पास, ३१२० मीटर. आम्ही सोझाला राहिलो, मेचा शेवटचा आठवडा. आम्ही म्हणजे मी, माझी आत्या (साठीच्या पुढची, गुडघे कुरकुरतात पण उत्साह दांडगा) आणि दहावीची परीक्षा देऊन रिकामा झालेला भाचा, जो पहिले काही तास फक्त रेंज शोधत होता.

होमस्टेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण सगळा घोळ मधल्या बुकिंग एजंटने घातला आणि नाव टाकलं तर भोगणार घरवाला. घरवाले आणि त्यांचा गाईड दोन्ही चांगले.

आधी तक्रारी उरकून घेते. एजंटने जे पीडीएफ पाठवलं त्यात लिहिलं होतं "ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत बर्फातला पाइन फॉरेस्ट वॉक". आता यात तीन थापा आहेत. एक, मे अखेरीला जलोरीला बर्फ नसतो, सावलीत एखादा मळकट ढिगारा उरला असेल तर असेल. दोन, जलोरी आणि तिथून पुढे असलेला सेरोलसर तलाव हे त्या नॅशनल पार्कच्या आत येतच नाहीत, पार्क तिकडे तीर्थन आणि सैंजच्या खोऱ्यांत आहे, १९९९ साली तो रीतसर जाहीर झाला आणि २०१४ ला युनेस्कोच्या यादीत गेला, आत जायचं तर वनखात्याचं परमिट काढावं लागतं आणि मुक्कामी ट्रेक करावा लागतो, सकाळी नाश्ता करून गेलो आणि दुपारी आलो असलं ते प्रकरण नाही. तीन, पाइन. तिथे वर पाइन कमी आणि बाकीचीच झाडं जास्त, पण ते पुढे येतंच. एजंटला फोन केला तर म्हणे "मॅम, सगळं एकच जंगल आहे". बरं. शिवाय चंदीगडहून येताना औटला उतरल्यावर जी गाडी मिळणार होती ती आलीच नाही, शेवटी आम्हीच लोकल टॅक्सी केली. पॅकेजचे दोन स्टार इथे गेले.

आता मुद्द्याचं.

गाईड तिथलाच, चाळिशीचा माणूस, आत्या त्याला पहिल्या मिनिटापासून भाऊ म्हणायला लागली आणि तो तिला माताजी. बोलणं कमी. पहिल्या दिवशीचा वॉक सोझाहून जंगलातल्या पायवाटेने जलोरीकडे चढत जाणारा. आम्ही निघालो आणि शंभर पावलांवर आत्या थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "अगं हे तर आपलं सुरूचंच बन की, दिवेआगरला असतं तसलं." मी हसले पण तिचं चूक तरी काय, आपल्या महाराष्ट्रात अशी सूचिपर्णी झाडं नैसर्गिक उगवतच नाहीत, आपण बघतो ते बंगल्यापुढचं कुंडीतलं ख्रिसमस ट्री नाहीतर कोकण किनाऱ्यावरचा सुरू. मी गाईडला सुरू म्हणजे काय ते मोडक्या हिंदीत सांगितलं, मोबाईलवर फोटो दाखवला, तर तो म्हणाला हे आमच्यातलं नाही. आणि खरंच नाही. सुरूच्या ज्या सुया दिसतात त्या पानं नसतात, बारीक हिरव्या काड्या असतात, सांध्यासांध्याच्या, आणि सुरू हे फुलं येणारं झाड आहे. देवदाराच्या जातीची झाडं फुलंच देत नाहीत, त्यांचं बी शंकूच्या खवल्यांवर उघडंच असतं. एवढं ऐकून आत्याने बॅगेतून चष्मा काढला आणि तिथून पुढे प्रत्येक झाडापाशी थांबायला लागली, भाचा वैतागला, पण गाईडची कळी खुलली.

त्याची पद्धत मला फार आवडली. तो नाव सांगत नाही आधी. खाली पडलेली डहाळी उचलतो आणि हातात देतो, म्हणतो गिनो. म्हणजे मोजा. एका झुबक्यात तीन सुया असल्या तर चीड, हाही एक पाइनच, ती खालची, साधारण अठराशे मीटरच्या आतबाहेर संपते, म्हणून सोझाला दिसत नाही, येताना घाटाखाली गाडीतून दिसते. पाच लांब मऊ सुया असल्या तर कैल, हाच तो हिमालयातला निळसर पाइन, आणि त्याचे शंकू लांबोडके, डिंकाने चिकट, आत्याच्या ओढणीला लागला तो डाग अजून गेलेला नाही. वीस-तीस आखूड सुयांचा गोल गुच्छ असला तर देवदार. आणि एकेक सुटी सुई थेट काडीवर बसलेली असली तर मग खरी गंमत, कारण ते दोघांपैकी एक असतं, तोष किंवा राई. तोष म्हणजे फर, राई म्हणजे स्प्रूस. लांबून मला तर दोन्ही सारखेच, उंच, काळपट हिरवे, टोकदार. त्याने दोन्हीची एकेक सुई माझ्या बोटांत दिली आणि म्हणाला फिरवा. राईची सुई चौकोनी असते, अंगठा आणि बोटात सहज गरगर फिरते, टोक टोचतं. तोषची चपटी, फिरतच नाही, उलटी करून बघितली की खाली दोन पांढुरक्या रेघा, आणि टोकाला बारीकशी खाच. त्या पांढऱ्या रेघांमध्ये झाडाची श्वासाची छिद्रं असतात. बस्स, एवढ्यावर मला दोन्ही ओळखता यायला लागली आणि पुढचा सगळा वेळ मी येडपटासारखी सुया फिरवत चालत होते.

मे महिन्यात गेलात तर अजून एक दिसतं. तोष आणि राईच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला नवीन पालवी, पोपटी, लुसलुशीत, बोट लावलं तर मऊ, आणि मागची जुनी पालवी काळपट, त्यामुळे अख्खं झाड दोन रंगांत दिसतं. आणि शंकूंचं सांगायचं तर राईचे शंकू खाली लोंबतात आणि पिकल्यावर आख्खेच्या आख्खे खाली पडतात, ते वाटेवर भरपूर मिळतात. तोषचे आणि देवदाराचे फांदीवर उभे असतात आणि झाडावरच खवला खवला सुटून विखरतात, म्हणून खाली आख्खा शंकू सापडत नाही. गाईडने दुर्बिणीतून एका तोषच्या शेंड्याकडे दाखवलं, तिथे गेल्या वर्षीच्या शंकूंचे नुसते मधले दांडे उभे होते, उदबत्त्या जळून गेल्यावर काड्या राहतात ना तसे. हे मला कुणी दाखवलं नसतं तर जन्मात दिसलं नसतं.

भाच्याची विकेट कुठे पडली तर थुनेरपाशी. तिकडे त्याला रखाल म्हणतात. मोठ्या तोषांच्या सावलीत, ओलसर उतारावर, फार उंच नाही, लालसर साल सोलून सोलून निघालेली, गडद हिरव्या चपट्या पानांचं. बघायला काही खास नाही, मी तर पुढे निघाले होते. गाईड म्हणाला या झाडाने कॅन्सरचं औषध दिलं. भाच्याने तिथल्या तिथे (रेंज होती, नशीब) शोधलं आणि खरंच, पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध याच कुळातल्या अमेरिकेतल्या झाडाच्या सालीतून पहिल्यांदा मिळालं, आणि मग जगभर या झाडांची साल आणि पानं ओरबाडायला सुरुवात झाली, हिमालयातला थुनेरही त्यात भरडला गेला. हे झाड वाढतं अगदी हळू, त्यामुळे एकदा गेलं की पटकन भरून येत नाही. लाल रसरशीत फळासारखं जे येतं त्यातलं बी विषारी, पानंही विषारी. पोराने पहिल्यांदा फोन खिशात ठेवला. अर्थात त्यानंतर दहा मिनिटांत त्याने बिच्छू बुटीला (अंगाला लागली की आग होणारी वनस्पती) हात लावला आणि नाचला, गाईडने शेजारचीच एक रुंद पानांची वनस्पती चुरगळून चोळली, उपयोग किती झाला माहीत नाही, पण पोरगं गप्प झालं.

उंचीचा हिशोब पण तिथे अंगावर येतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचं टोक, आणि जिभी गावच साधारण अठराशेवर. हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा डिग्रीने उतरते, त्यामुळे जिभीत हाफ शर्टात फिरणारी माणसं जलोरीला स्वेटर घालून चहा पीत असतात. झाडांचंही तेच, चीड खाली, मग देवदार-कैल, मग राई-तोष आणि खरसू (तिथला ओक), आणि साडेतीन हजारच्या आसपास झाडंच संपतात. भोजपत्र आम्हाला वाटेत लागलं नाही, ते या पट्ट्याच्या अगदी वरच्या काठाला असतं, त्यासाठी पार्कातले मुक्कामी ट्रेक करावे लागतील.

दुसरा वॉक जलोरी पासवरून सेरोलसर तलावाचा, साधारण पाच किलोमीटर जायला आणि तेवढेच यायला, चढउतार बेताचा, आत्या काठी घेऊन गेली आणि आली. इथे मी सावध करते, फोटोंमध्ये "पाइन फॉरेस्ट ट्रेल" म्हणून जे फिरतं ते बहुतेक खरसूचं जंगल आहे, म्हणजे ओक. सूचिपर्णी नाहीच. पण माझ्या मते अख्ख्या पॅकेजमधला सगळ्यात भारी तुकडा हाच. जुने, वाकडेतिकडे, शेवाळाने भरलेले खरसू, फांद्यांवरून करड्या-हिरव्या दाढ्या लोंबतात (त्याला दगडफुलाच्याच जातीचं समजा, लायकेन), मधूनच एखादा तोष सरळसोट वर गेलेला. खरसूचं पान बघा नक्की, कोवळ्या झाडाचं पान काठाला काटेरी, आणि मोठ्या झाडावर वरच्या पानांना काटेच नाहीत. गुरं खालचं खातात म्हणून काटे खाली असं गाईडचं म्हणणं, मला पटलं. पानाची मागची बाजू तपकिरी, लवदार. मे-जूनला जुनी पानं गळतात आणि नवी येतात, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा पायाखाली चुरचुर आणि डोक्यावर कोवळं, म्हणजे आपला शिशिर आणि वसंत एकाच दिवशी. आणि याची फळं पावसाळ्यात पिकतात आणि पडल्यापडल्याच रुजायला लागतात, वाट बघत बसत नाहीत.

काही खरसू मात्र पार बोडके केलेले, खालपासून वरपर्यंत फांद्या छाटलेल्या. आमच्याबरोबर वाटेत एक ग्रुप होता, त्यातला एकजण मोठ्यांदा "कितनी जंगलतोड" वगैरे सुरू झाला. गाईड शांतपणे म्हणाला हिवाळ्यात पास बंद होतो, गुरांना काय घालायचं. खरसूचा पाला हाच त्यांचा हिवाळी चारा. प्रमाणाबाहेर छाटलं तर झाड मरतं हे त्यालाही माहीत, त्याने ते लपवलं नाही, कोणत्या उतारावर जास्त झालंय तेही दाखवलं. पण जंगलतोडीवर भाषण देणारा तो गृहस्थ स्वतः नव्याकोऱ्या लाकडी कॉटेजमध्ये उतरलेला होता हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लाकडावरून आठवलं, आमचा होमस्टे जुन्या काठकुणी घराला जोडून होता, एक थर देवदाराच्या तुळया, एक थर दगड, चुना-सिमेंट काही नाही. भिंतीला नाक लावलं तर अजून वास येतो. देवदाराच्या तेलामुळे कीड लागत नाही म्हणून शेकडो वर्षं टिकतं. याचंच मोठं रूप बघायचं तर बंजारजवळ चैहनी कोठी आहे, तिथला उंच बुरुज १९०५ च्या कांगडा भूकंपात वरचे मजले गमावून बसला पण उरलेला आजही उभा आहे. जरूर जा, चढ आहे थोडा. आणि याच टिकाऊपणाने देवदाराचा घातही केला, इंग्रजांनी रेल्वे टाकायला घेतली तेव्हा रुळांखालच्या स्लीपरसाठी हिमालयातले देवदार बेसुमार तोडले, ओंडके नदीत सोडून खाली मैदानात न्यायचे. १८६४ ला वनखातं निघालं त्यामागे हे लाकूड संपत चालल्याची धास्ती हे एक मोठं कारण. हे सगळं गाईडने नाही सांगितलं, हे माझं वाचलेलं, पण जंगलात उभं राहून आठवलं तेव्हा वेगळंच वाटलं.

तलाव छोटा, स्वच्छ, काठाला बुढी नागिणीचं मंदिर. लोक देवीला तूप वाहतात, तलावाभोवती तुपाची धार सोडत प्रदक्षिणा घालतात. आणि पाण्यावर पान पडलं की आभी नावाची चिमणीएवढी चिडी ते उचलून नेते म्हणून पाणी कायम स्वच्छ, अशी श्रद्धा. आम्हाला चिडी दिसली नाही, पण चारही बाजूंनी एवढं जंगल असून पाण्यावर पानं जवळपास नव्हती हे खरं. चिप्सची पाकिटं मात्र काठावरच्या टपऱ्यांमागे भरपूर होती, ती काही आभी उचलत नाही. आमच्या गाईडने पिशवी आणली होती, येताना भरत आला, कुणाला न बोलता. मॅगी खाऊ नका, थंडगार दिली.

रघुपूर गडाचा वॉक आम्ही जास्तीचे पैसे देऊन घेतला, जलोरीच्या दुसऱ्या बाजूला. गडाच्या नावाने जाल तर निराश व्हाल, पडके दगड आहेत फक्त, सह्याद्रीतला कुठलाही साधा किल्ला जास्त दाखवतो. पण जंगल संपून कुरण सुरू होतं ती रेघ बघायला जा. तोष ठेंगणे, एका बाजूच्या फांद्या वाऱ्याने झडलेल्या, आणि मग एकदम गवत, त्यात पिवळी-पांढरी बारीक फुलं आणि रानस्ट्रॉबेरीची पांढरी फुलं, फळाला अजून वेळ होता. बुरांस (लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) खाली कधीच संपला होता, वर एखाददुसऱ्या झाडावर लालबुंद गुच्छ उरलेला. आत्या यावेळी खालीच ढाब्यावर बसली आणि तिथल्या बाईकडून लिंगडीच्या भाजीची रेसिपी घेऊन आली. लिंगडी म्हणजे नेच्याचे कोवळे गुंडाळलेले कोंभ.

जेवणाला चार स्टार. सिड्डू (तिथला वाफवलेला पाव) गरम तुपाबरोबर अप्रतिम, राजमा ठीक, लिंगडी मला फार आवडली, भाच्याला नाही. चहा अति गोड. गुच्छी, म्हणजे ते जंगलातलं महागडं मश्रूम, विकत मिळते का विचारलं तर घरवाल्याने वाळवलेली माळ दाखवली आणि भाव सांगितला, आम्ही परत टांगून ठेवायला सांगितली. गीझर एक दिवस बंद. खोलीत ब्लॅंकेट भरपूर. संध्याकाळी जिभीकडून डीजेचा आवाज वर येत नाही हा सोझाचा मोठा प्लस पॉइंट, जिभीत राहू नका ज्यांना जंगल बघायचंय त्यांनी, धबधबा आणि ते "मिनी थायलंड" म्हणतात तो दगडांतला पॉइंट दिवसा जाऊन बघून या.

खर्च माणशी रोजचा दोन हजारांच्या आसपास पडला, सकाळ-संध्याकाळ जेवण धरून, वॉकचे वेगळे. एजंटने त्यात बरंच कापलेलं होतं हे नंतर घरवाल्याशी बोलताना कळलं, त्यामुळे थेट फोन करून बुक करा. जलोरी बर्फाने साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत बंद असतो. पावसाळ्यात दरडी, जाऊ नका. मे-जून पालवीसाठी, सप्टेंबर-ऑक्टोबर आकाश स्वच्छ आणि देवदाराचा पिवळा पराग उडतो तो बघायला, परागाची ॲलर्जी असेल त्यांनी विचार करून. जलोरीचा शेवटचा रस्ता फार खडा आहे, स्वतःची गाडी असेल तर चालवणारा घाटाचा सराव असलेला हवा. बूट ग्रिपवाले घ्या, सुयांच्या थरावर उतरताना पाय सरकतो. दुर्बीण न्या. मोनाल पक्षी बघायचा असेल तर पहाटे निघावं लागतं, आम्हाला मादी दिसली, नर फक्त ओरडला. कैलच्या शेंड्यावर नटक्रॅकर पक्षी मात्र तासभर शंकू फोडत बसलेला, तो बी काढून जमिनीत पुरून ठेवतो आणि विसरलेल्या बियांतून नवीन कैल उगवतात.

लहान मुलं, ज्येष्ठ मंडळी, सगळ्यांना झेपेल. ज्यांना "किती पॉइंट कव्हर होतात" हा प्रश्न पडतो त्यांना कंटाळा येईल, त्यांनी मनालीला जावं. आणि बुकिंग करतानाच सांगा की आम्हाला झाडं बघायचीत, तलावाला पोचायची घाई नाही, कारण बाकीचे पाहुणे घड्याळ दाखवत असतात म्हणून गाईडही बिचारा सवयीने सेरोलसरला दीड तासात नेऊन सोडतो.